वाचकांचे प्रश्न : जुन्या ९११कडे परतताना

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे जुनी पोर्शे ९११ ही स्पोर्ट्स गाडी या एकाच विषयाभोवती फिरणारी असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यात विचारलेले प्रश्नच तसे आहेत.

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा असून बरीच वर्षे इंग्लंडमध्ये स्थायिक आहे. तरुणपणी मी १९८६ची पोर्शे ९११ कॅरेरा ३.२ वापरत होतो. मुले झाल्यावर ती विकली. पुढे परिस्थिती सुधारली तशी ९११च्याच पुढच्या पिढ्यांतली आधी ९९६, मग ९९७ आणि आता ऑटोमॅटिक गिअरची ९९२ घेतली. या नव्या गाडीत दोष काढायला जागा नाही, तरीही केवळ फिरण्यासाठी म्हणून ती बाहेर काढावी असे हल्ली वाटत नाही. जुन्या ३.२ची मात्र सारखी आठवण येते. ती किंवा तशीच एखादी गाडी पुन्हा घ्यावी का, की हा निव्वळ आठवणींचा खेळ आहे? घ्यायची झाल्यास कोणत्या पिढीची घ्यावी? घरात रोजच्या वापराची गाडी वेगळी आहे, परंतु हौसेची गाडी एकच ठेवता येईल. — एक वाचक, रेडिंग, इंग्लंड

उत्तर : आपल्याला आठवते आहे ते नेमके काय, हे आधी ठरवले पाहिजे. तो वेग नक्कीच नाही. कॅरेरा ३.२ला शून्यापासून ताशी १०० किलोमीटरपर्यंत जायला सहा सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागत असे, तर आपली ९९२ तोच वेग साधारण चार सेकंदांत गाठते. जुन्या इंजिनाची ताकद २३१ अश्वशक्ती होती, नव्याची ३८५ आहे. आकड्यांच्या हिशेबात जुनी गाडी कुठेच बसत नाही.

फरक आहे तो ताकद हाती कशी येते याचा. ३.२चे टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारी इंजिनाची ओढ, मिनिटाला ४८०० फेऱ्यांना शिखर गाठत असे. त्यामुळे घाट चढताना कोणता गिअर ठेवायचा, कधी खाली घ्यायचा आणि इंजिन कुठवर ओढायचे याचा विचार चालकाला सतत करावा लागे. ९९२च्या टर्बो इंजिनाचे टॉर्क २००० फेऱ्यांच्याही आधी पूर्णपणे हजर होते आणि आठ गिअरचा पेटारा योग्य गिअर आपल्याआधीच निवडून मोकळा होतो. कायद्याच्या मर्यादेत राहून सार्वजनिक रस्त्यावर या गाडीला तिच्या क्षमतेच्या जवळपासही नेता येत नाही. जुनी गाडी ताशी पन्नास मैलांवरही चालकाकडून काम करून घेते. आपण ज्याला मुकला आहात ते हे काम आहे, आणि ते पुन्हा हवेसे वाटणे ही काही भाबडी आठवण नव्हे.

रुंदीची बाब फारसे कोणी बोलून दाखवत नाही, पण इंग्लंडमध्ये ती फार महत्त्वाची आहे. ३.२ची रुंदी १६५२ मिलिमीटर होती, ९९२ची १८५२ आहे. दोन्ही बाजूंना उंच कुंपणझाडी असलेल्या गावाकडच्या अरुंद रस्त्यावर हे २०० मिलिमीटर म्हणजे वळणात आपली रेघ निवडण्याची मुभा असणे किंवा नसणे. जुन्या गाडीला त्याच रस्त्यावर, आपल्याच बाजूच्या अर्ध्या भागात, डावी-उजवीकडे सरकायला जागा मिळते. नव्या गाडीत समोरून ट्रॅक्टर आला की श्वास रोखून धरावा लागतो.

आता दुसरी बाजू. वीसेक वर्षांत आपल्या स्मृतीने त्या गाडीच्या पुष्कळ खोडी गाळून टाकल्या असतील. पॅडल जमिनीतून वर आलेले आहेत आणि किंचित मध्याकडे सरकलेले आहेत. पॉवर स्टिअरिंग नाही, जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारे एबीएस नाही. हीटर म्हणजे एक्झॉस्टच्या नळ्यांभोवतीचे आवरण, ज्यातून तापलेली हवा आत येते, आणि त्याचे नियंत्रण हँडब्रेकपाशी असलेल्या दांडीवर. इंजिनाला तेलाची गळती असेल तर जळक्या तेलाचा वास थेट आपल्या नाकाशी येतो. हे सगळे असे का, तर ऐंशीच्या दशकातली ही गाडी मुळात १९६३च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात मांडलेल्या गाडीचीच सुधारत नेलेली आवृत्ती आहे. कंपनी तर ती बंद करायला निघाली होती, कारण तिची जागा कंपनीचीच ९२८ ही गाडी घेणार असे ठरल्यासारखे होते. १९८१मध्ये कंपनीची सूत्रे हाती घेतलेले पीटर शुट्झ पुढे सांगत की मुख्य अभियंता हेल्मुट बॉट यांच्या कचेरीतील उत्पादन योजनेच्या तक्त्यावर ९११ची रेघ त्याच वर्षी संपलेली त्यांना दिसली आणि त्यांनी मार्कर उचलून ती तक्त्याच्या बाहेर, भिंतीवर ओढत नेली. तो मार्कर हाताशी नसता तर आपण आज हे पत्र लिहिले नसते.

म्हणून माझा आग्रह असा की खरेदीचा विचार करण्याआधी त्या काळातली गाडी दोन दिवस भाड्याने घ्यावी. क्लासिक गाड्या भाड्याने देणारे व्यावसायिक इंग्लंडमध्ये आहेत. शक्यतो पावसाळी दिवस निवडावा, वाहतुकीच्या गर्दीतून अर्धा तास काढावा आणि घरी आल्यावर आपला डावा पाय व उजवा खांदा काय म्हणतात ते ऐकावे. त्यानंतरही मन होत असेल तर पुढचे वाचावे.

पिढीविषयी. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या चार गाड्या आपल्यापुढे आहेत : १९७८ ते १९८३ची एससी, १९८४ ते १९८९ची कॅरेरा ३.२, त्यानंतरची ९६४ आणि शेवटची, १९९८पर्यंत बनलेली ९९३. यांपैकी ९९३ ही सर्वांत सुधारलेली आहे. तिचे मागचे सस्पेन्शन पूर्णपणे नवे होते आणि गिअर सहा होते. पण तिची किंमतही त्याच मानाने चढलेली आहे, आणि आपल्याला जे हवे आहे त्याच्या दृष्टीने ती थोडी पुढे निघून गेली आहे. ९६४मध्ये पॉवर स्टिअरिंग, एबीएस आणि टॉर्शन बारऐवजी (पीळ घेऊन धक्का सोसणाऱ्या सळ्यांऐवजी) कॉइल स्प्रिंग आले. रोज वापरायची असती तर मी तिचेच नाव घेतले असते. तिच्या सुरुवातीच्या इंजिनांत सिलिंडर आणि हेड यांच्यामध्ये गॅस्केट नसल्याने तेल झिरपण्याची तक्रार होती, जी पुढे दूर झाली. तेव्हा १९९१च्या आधीची ९६४ पाहताना ते काम झाले आहे का हे विचारावे. एससी साधी आणि कणखर आहे, परंतु तिच्या मूळच्या टायमिंग चेनच्या टेन्शनरवर, म्हणजे इंजिनातील साखळी ताणून धरणाऱ्या भागावर, विसंबता येत नाही. ३.२मध्ये इंजिनातील तेलाच्या दाबावर चालणारे टेन्शनर आले आणि ती काळजी मिटली. बहुतेक चांगल्या एससींमध्येही ते नंतर बसवलेले असतात.

आपल्यासाठी पुन्हा कॅरेरा ३.२ हेच उत्तर मला योग्य वाटते. आठवणीतली गाडी तीच आहे म्हणून मी हे म्हणत नाही. पॉवर स्टिअरिंग नसलेली, पण इंजिनावर इंधन आणि ठिणगी सांभाळणारी बॉशची मॉट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक प्रणाली असलेली, म्हणजे चालवायला जुनी आणि सकाळी सुरू व्हायला भरवशाची, असा मेळ या एकाच पिढीत जमला आहे. १९८७च्या मॉडेलपासून जुन्या ९१५ गिअरबॉक्सच्या जागी जी-५० हा नवा गिअरबॉक्स आणि केबलऐवजी हायड्रॉलिक क्लच आला. बाजारात या शेवटच्या तीन वर्षांच्या गाड्यांना जास्त भाव मिळतो. तो भाव द्यायलाच हवा असे मात्र नाही. सुस्थितीतला ९१५ गिअरबॉक्स चांगलाच असतो, फक्त तो घाई सहन करत नाही. तेल गरम होईपर्यंत पहिल्यातून दुसऱ्यात जाताना न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबावे लागते. गरम झाल्यावरही दुसऱ्या गिअरला कुरकुर येत असेल तर सिंक्रो (गिअर जुळवून घेणारी कडी) झिजलेले आहेत असे समजावे आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा करून घ्यावी.

गाडी पाहायला जाल तेव्हा मॉडेलचे वर्ष, रंग आणि चाकांची चकाकी यांपेक्षा तीन गोष्टींना महत्त्व द्यावे. पहिली गोष्ट पत्रा. १९७६च्या मॉडेलपासून या गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा थर आहे, त्यामुळे गंजच लागत नाही असे विक्रेते छातीठोकपणे सांगतात, आणि ते खरे नाही. समोरच्या काचेच्या कडा, दाराचे कुलूप ज्या खांबात बसते त्याचा पायथा, दाराखालचे सिल आणि पुढच्या डिकीतील बॅटरीखालचा पत्रा या जागा बोटाने आणि टॉर्चने तपासाव्यात. दार उघडून त्या खांबाच्या बुंध्याशी रंग किंचित फुगलेला दिसला तर आतून गंज बराच वर आलेला असतो. इंजिनाचे काम महाग असले तरी त्याला अंत असतो. पत्र्याचे काम सुरू झाले की ते कुठे थांबेल हे कारागीरही आधी सांगू शकत नाही.

दुसरी गोष्ट इंजिनाची अंतर्गत स्थिती. या इंजिनांत व्हॉल्व्ह गाइड झिजतात आणि तेल पिण्याचे प्रमाण वाढते. विक्रेत्याच्या तोंडच्या आकड्यांवर न जाता प्रत्येक सिलिंडरची कॉम्प्रेशन आणि लीकडाउन चाचणी, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो आणि किती गळतो याची तपासणी, करून घ्यावी. सहाही सिलिंडर एकमेकांच्या जवळपास असणे हे एखाद्याचा आकडा फार चांगला असण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. सुरू करताना क्षणभर निळसर धूर आला तर घाबरू नये, कारण आडव्या सिलिंडरच्या इंजिनात उभ्या गाडीत थोडे तेल आत उतरतेच. धूर चालू राहिला तर मात्र परत फिरावे.

तिसरी गोष्ट कागद. मोठी आणि सलग सर्व्हिस फाइल असलेली, खूप चाललेली गाडी ही कमी चाललेल्या आणि दहा वर्षे आच्छादनाखाली निजलेल्या गाडीपेक्षा चांगली, हे माझे ठाम मत आहे. फाइलमध्ये व्हॉल्व्ह क्लिअरन्सच्या नोंदी शोधाव्यात. या इंजिनात बारा व्हॉल्व्हचे अंतर थंड स्थितीत ०.१ मिलिमीटरवर हाताने लावावे लागते, आणि काही खालच्या झाकणांपर्यंत पोचणे इतके अडचणीचे असते की आळशी गॅरेज ते काम टाळते. ज्या मालकाने ते वेळच्या वेळी करून घेतले त्याने बाकीचेही केले असण्याचा संभव मोठा.

तेल तपासण्याची पद्धत आपल्याला आठवत असेलच, तरी इतर वाचकांसाठी लिहितो, कारण नवी गाडी स्क्रीनवर आकडा दाखवते आणि ही सवय सुटते. ३.२मध्ये तेल इंजिनाखालच्या तबकात न साठता उजव्या मागच्या चाकाजवळच्या वेगळ्या टाकीत साठते. म्हणून गाडी चांगली चालवून आणावी, सपाट जागी उभी करावी, इंजिन चालूच ठेवावे, आणि मागचे झाकण उघडून, पंख्याचा आवाज कानाशी असतानाच, डिपस्टिक काढून पुसून पुन्हा घालून पाहावी. खालची खूण आणि वरची खूण यांच्यामध्ये तेल दिसले की पुरे. इंजिन थंड असताना तपासले तर डिपस्टिक बहुधा कोरडीच येते, आणि नवखा मालक घाबरून लिटर-दोन लिटर तेल जास्तीचे ओततो. ते मग एअर क्लीनरमध्ये शिरते आणि पुढच्या फेरीत मागे पांढऱ्या धुराचा लोट निघतो. डॅशबोर्डवरचा तेलपातळीचा काटाही गाडी उभी आणि गरम इंजिन चालू असतानाच खरे सांगतो, वळणावळणांत तो खाली बसला तर लक्ष देऊ नये.

आणखी एक लहान गोष्ट. ड्रायव्हरच्या बाजूला असो वा शेजारी, डाव्या सीटखाली एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, असतो, जो पेट्रोल पंप आणि इंजिनाचा संगणक चालवतो. तो गेला की चालती गाडी पूर्वसूचना न देता बंद पडते. ग्लव्हबॉक्समध्ये एक नवा रिले ठेवून द्यावा.

९९२ विकावी का? हौसेची गाडी एकच ठेवायची असेल तर विकावी. तिचे मूल्य दरवर्षी उतरत राहील आणि ती उभी राहूनही खर्च करेल. मात्र जुनी गाडी तपासून, व्यवहार पक्का होईपर्यंत ती हातची सोडू नये. आणि मिळालेल्या रकमेतली सगळी खरेदीत घालवू नये. पहिल्या वर्षी टायर, ब्रेकचे होज, इंधनाचे रबरी पाइप आणि बुश असे काही ना काही निघतेच. ३.२चे इंजिन पूर्ण उघडण्याचा खर्च एखाद्या चांगल्या नव्या छोट्या गाडीइतका येऊ शकतो, हे मनाशी धरूनच बोली करावी.

ब्रिटनमधील नियम आपल्याला अनुकूल आहेत. ४० वर्षे पूर्ण झालेल्या गाडीला रस्ताकर आणि एमओटी या वार्षिक वाहन तपासणीतून सूट मिळते, आणि ऐतिहासिक वर्गात नोंद झालेल्या अशा गाडीला लंडनच्या प्रदूषण क्षेत्राचे शुल्कही पडत नाही. तपासणीची सक्ती नसली तरी ती दरवर्षी स्वेच्छेने करून घ्यावी असे मी सुचवीन, कारण खालून गाडी पाहणारा तटस्थ माणूस एवढ्या स्वस्तात दुसरीकडे मिळत नाही. २०२१पासून तिकडचे साधे पेट्रोल १० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचे आहे. जुन्या पाइपांसाठी जास्त ऑक्टेनचे, ५ टक्क्यांपर्यंत इथेनॉलचे पेट्रोल भरावे.

प्रश्न : माझ्याकडे ९९७ आहे. मित्राची १९८५ची ९११ काही तास चालवली. स्टिअरिंग हातात सतत थरथरत होते, नाक जरा भरकटत होते आणि ओल्या वळणात पाय उचलल्यावर मागची बाजू सरकली. गाडीत बिघाड आहे की ही गाडीच अशी? — एक वाचक, म्युनिक

उत्तर : दोन्ही थोडे थोडे. हातात थरथर येणे हा तिचा स्वभाव आहे, कारण रस्ता आणि आपले हात यांच्यामध्ये कोणतीही मदतनीस यंत्रणा नाही. स्टिअरिंग घट्ट आवळून धरले की ती अधिक जाणवते, सैल बोटांनी धरले की चाके आपली आपण सरळ होतात. नाक भरकटण्याचे मात्र कारण शोधावे. टायरच्या कडेवरील चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असते. टायर दहा वर्षांपलीकडचे असतील तर नक्षी कितीही खोल दिसो, ते बदलावेत. १६ इंची चाकांसाठी कारखान्याने सांगितलेला दाब पुढे २.० आणि मागे २.५ बार आहे. दोन्हीकडे सारखीच हवा भरलेली असली तर गाडी बिघडल्यासारखी वागते. गाडीची उंची कमी केलेली असेल तर चाकांची भूमिती पुन्हा लावून घेणे आवश्यक आहे.

मागची बाजू सरकण्याचे कारण रचनेत आहे. इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकते आणि दोन ॲक्सलांमधील अंतर २२७२ मिलिमीटर, म्हणजे नव्या ९९२पेक्षा जवळजवळ १८ सेंटिमीटर कमी आहे. वळणात ॲक्सिलरेटर एकदम सोडला की वजन पुढे सरकते, मागच्या टायरांची पकड हलकी होते आणि तेवढ्यात मागचे वजन बाहेर फेकले जाते. आपल्या ९९७मध्ये अशा वेळी इलेक्ट्रॉनिक्स हळूच एखादा ब्रेक लावून सावरते आणि आपल्याला कळतही नाही. १९८५च्या गाडीत सावरणारे आपणच आहात. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर संपवावा, मग लवकर आणि हलकेच ॲक्सिलरेटर द्यावा. वळणात वेग जास्त झाला असे वाटले तरी पाय झटकन उचलू नये. वजन मागे बसले की हीच गाडी वळणातून बाहेर पडताना पुष्कळ नव्या गाड्यांपेक्षा घट्ट बसते. मित्राची परवानगी असेल तर एखाद्या चालक-प्रशिक्षणाच्या मोकळ्या मैदानावर, पाणी मारलेल्या जागेत, हे एकदा अनुभवून पाहावे.

प्रश्न : धाकटा भाऊ बर्मिंगहॅमहून कायमचा पुण्यास परतणार आहे. त्याची १९७९ची ९११ एससी सोबत आणता येईल का? — एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : साध्या वापरलेल्या गाडीच्या नियमाने नाही. त्या नियमानुसार आयात होणारी गाडी तीन वर्षांहून जुनी चालत नाही. २०२१च्या केंद्रीय नियमांनी व्हिंटेज वाहनांची वेगळी नोंदणी सुरू झाली आहे. तिच्यासाठी वाहनाच्या पहिल्या नोंदणीला ५० वर्षे पूर्ण व्हावी लागतात, नोंदणी शुल्क २०,००० रुपये आहे आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. म्हणजे १९७९ची गाडी सध्या यातही बसत नाही. बसली तरी अशी गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कारणांपुरतीच रस्त्यावर काढता येते, रविवारी सहज लोणावळ्याला नेण्यासाठी नाही. शिवाय आपल्याकडील २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे तिचे रबरी पाइप आणि सील आधी बदलावे लागतील. बंधूंनी गाडी तिकडेच एखाद्या जाणकाराला विकावी, हा माझा सल्ला त्यांना आवडणार नाही याची कल्पना आहे.

प्रश्न : नव्या गाड्यांनंतर गेल्या वर्षी जुनी ३.२ घेतली. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात म्हणून ती चार महिने गॅरेजमध्ये असते. दर रविवारी पाच-दहा मिनिटे इंजिन सुरू करून ठेवतो. ते पुरेसे आहे का? — एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : ते बंद करावे. या इंजिनात तेल पुष्कळ असते आणि उभ्या गाडीत पाच-दहा मिनिटांत ते धड तापत नाही. जळणातून तयार झालेले पाणी मग तेलात आणि एक्झॉस्टमध्ये साचून राहते, म्हणजे रक्षणासाठी केलेल्या उपायानेच गंज वाढतो. गाडी ठेवण्याआधी तेल बदलावे, टाकी भरून त्यात इंधन टिकवणारे द्रव्य घालावे, बॅटरीला देखभालीचा चार्जर लावावा, टायरमध्ये थोडी जास्त हवा भरावी आणि हँडब्रेक न लावता चाकांना ठोकळे लावावेत. मिठाचा थर पावसाने धुऊन निघालेला, रस्ता कोरडा असलेला एखादा दिवस मिळाला तर गाडी बाहेर काढून तेल पूर्ण तापेपर्यंत चालवावी, नाहीतर तिला हात लावू नये. वसंतात पहिल्यांदा सुरू करण्याआधी मागचे झाकण उघडून इंजिनाच्या पंख्यात आणि हीटरच्या नळ्यांत उंदरांनी घरटे केलेले नाही ना, हे टॉर्चने अवश्य पाहावे.